प्लास्टिकला वजन आणताना

सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा लढाईसाठी सज्ज असताना साधारण ५१ टन भरत असे. त्याची लांबी, रुंदी आणि उंची पस्तीस पटींनी लहान केली, तर वजन मात्र पस्तिसाच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते आणि हिशेब बाराशे ग्रॅमच्या आसपास येऊन थांबतो. १/३५ प्रमाणातले प्लास्टिकचे मॉडेल पूर्ण जोडून झाल्यावर याच्या निम्मेही भरत नाही. तळहातावर उचलले की हे हलके प्रकरण आहे हे हाताला लगेच कळते, आणि दुर्दैव असे की बरेचदा ते लांबून पाहणाऱ्या डोळ्यालाही कळते. सगळे भाग जागच्या जागी आहेत, सांधे नीट बुजवलेले आहेत, रंगही स्वच्छ बसला आहे, तरी तो रणगाडा जमिनीवर उभा न वाटता नुसता ठेवलेला वाटतो. मला या छंदात सर्वांत जास्त रस आहे तो नेमका इथे: वजन नसलेल्या वस्तूला वजन कसे आणायचे.

सेंच्युरियनच का, असे मला अधूनमधून विचारले जाते. या छंदात जर्मन रणगाड्यांचा सुळसुळाट आहे आणि आपल्याकडचे हौशी लोकही बहुधा टायगर किंवा पँथरपासूनच सुरुवात करतात. माझे कारण सरळ आहे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर लढलेल्या पूना हॉर्स या रेजिमेंटकडे सेंच्युरियन होते, आणि तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी आपल्या मुंबईत झाला होता. फिल्लोराच्या लढाईत ११ सप्टेंबर रोजी जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला, १६ सप्टेंबर रोजी बुतूर डोग्रांडी येथे ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. एवढे असूनही मी त्यांच्या रणगाड्याची प्रतिकृती करायची नाही असे ठरवले. प्रसिद्ध रणगाडा करायला घेतला की माणूस नाव, क्रमांक आणि खुणा यांतच अडकतो. त्यापेक्षा त्या रेजिमेंटमधला, सप्टेंबर महिन्यातला, कोणताही एक सेंच्युरियन मला पुरेसा होता.

या रणगाड्याची आखणी १९४३ साली सुरू झाली आणि त्याचे पहिले नमुने १९४५ मध्ये युरोपात पोहोचले तेव्हा तिथले युद्ध संपले होते. ज्या लढायांसाठी तो तयार केला त्या त्याला लढायला मिळाल्याच नाहीत. पुढे मात्र कोरियापासून पंजाबपर्यंत तो अनेक ठिकाणी लढला. त्याचे मिटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचे जमिनीवरचे भावंड, ६५० अश्वशक्तीचे. त्याच्या बाह्यरूपात मला आवडतो तो एक विरोध. खालचे धड जाड सपाट पत्र्यांचे, वेल्डिंगने जोडलेले आणि कडक कोनांचे आहे, तर वरचे टरेट, म्हणजे तोफ बसवलेला फिरता बुरूज, ओतीव पोलादाचे, कडा मऊ झालेले आणि पृष्ठभागावर खडबडीत आहे. समोरच्या तिरक्या पत्र्याची जाडी ७६ मिलिमीटर, टरेटच्या दर्शनी भागाची १५२ मिलिमीटर. मॉडेलच्या मापात याचे अनुक्रमे सव्वादोन आणि साडेचार मिलिमीटरच्या आसपास होतात. हे आकडे मी टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून चिकटवले आहेत, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक निर्णयात त्यांचा संबंध येतो.

१/३५ हे विचित्र प्रमाण कुठून आले, हेही इथे सांगून टाकतो. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढे मोठे मॉडेल करणे भाग होते. ते करून झाल्यावर मोजले तर प्रमाण साधारण १/३५ निघाले. पुढे तेच जगभर रूढ झाले. सेंच्युरियनचे किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, तामियाने पूर्वीच काढले होते, परंतु मी वापरले ते तैवानच्या एएफव्ही क्लबचे. त्यात भाग फार, म्हणून संयमही फार लागतो.

वजनाचा विषय निघाला की पोटात काहीतरी भरावे, हे पहिल्यांदा सुचते. मीही भरले. नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्ट किलोच्या हिशेबाने मिळतात. लहान नट धडाच्या तळाशी दोन्ही बाजूंना समान विभागून इपॉक्सीने पक्के केले. शिशाचे तुकडे भरण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु शिसे आणि पांढरा गोंद एकत्र आले की कालांतराने शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि बंद पोटातून सांधे उकलते, हे लक्षात ठेवलेले बरे. नटांमुळे मॉडेल हातात घेताना समाधान वाटते आणि त्यापलीकडे एक प्रत्यक्ष फायदाही होतो: ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्याच्या, सुट्या कड्या चाकांखाली नीट दबून बसतात. डोळ्याला दिसणारे वजन मात्र नटांनी येत नाही. ते आणावे लागते, आणि सुरुवात चाकांपासून होते.

सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा मोठी चाके असतात, दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवलेली, आणि प्रत्येक जोडीचा भार आडव्या स्प्रिंगांवर पेलला जातो. या रचनेला हॉर्स्टमन सस्पेन्शन म्हणतात. बारापैकी एक चाक केसभर जरी वर राहिले तरी पन्नास टनांचा भ्रम तिथेच संपतो, कारण एवढा भार अंगावर असलेले चाक हवेत राहूच शकत नाही. माझ्या टेबलाचे फळकूट मुंबईच्या हवेने किंचित वाकलेले आहे, म्हणून कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून जाड काचेचा एक तुकडा कापून आणला आणि सस्पेन्शनचे सगळे काम त्यावर केले. प्लास्टिकचा पातळ गोंद हा खरे तर गोंद नसतो. तो द्रावक असतो आणि दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतो. तो पूर्ण सुकेपर्यंत सांध्याला थोडा वेळ लवचीकपणा असतो, आणि त्याच वेळात सगळी चाके काचेला टेकवून, वर एक जाड पुस्तक ठेवून, निवांत सोडून द्यायचे. काचेखाली पांढरा कागद ठेवून समोर दिवा धरला की कोणत्या चाकाखालून प्रकाश येतो ते स्पष्ट दिसते.

ट्रॅकच्या बाबतीत सेंच्युरियन मॉडेल करणाऱ्यावर मेहेरबान आहे. वरचा पट्टा रोलरवर टेकलेला असतो आणि बाजूंना लोखंडी पत्र्यांचे झापड असते, त्यामुळे झाकल्या जाणाऱ्या भागात कोणी फार घाम गाळत नाही. मीही गाळला नाही. पण पुढच्या आयडलर चाकापासून, म्हणजे पट्टा नुसता वळवणाऱ्या टोकाच्या चाकापासून, पहिल्या चाकापर्यंतचा जो उतार उघडा दिसतो, तिथे पट्टा ताणलेल्या दोरीइतका सरळ दिसता कामा नये. पोलादी कड्यांच्या त्या पट्ट्याचे स्वतःचे वजनच एवढे असते की तो किंचित खाली झुकतो. हा झोल मी ओल्या गोंदावर कापसाच्या बोळ्याने हलकेच दाबून दिला.

टरेटच्या खडबडीत पृष्ठभागासाठी मी आधी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जाऊन आलो. तिथले रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारले आणि उघड्यावर रांगेने उभे असलेले रणगाडे जवळून पाहायला मिळण्यासाठी आपल्याकडे याहून चांगली जागा नाही. तिरके ऊन पडले की ओतीव पोलादावरचे खळगे आणि उंचवटे दिसू लागतात, आणि दुपारी ऊन डोक्यावर आले की तेच टरेट गुळगुळीत भासते. छायाचित्रे पाहून हे लक्षात येत नाही. ही रचना मॉडेलवर आणण्यासाठी पातळ केलेली पुट्टी जुन्या, केस आखूड कापलेल्या ब्रशने टेकवत जायचे आणि सुकल्यावर बारीक पॉलिशपेपर एक-दोनदा फिरवून टोके मोडायची. इथे हात आवरावा लागतो. एक मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा गोळा. असे ओतकाम कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडले नसते. टरेटचे छप्पर मात्र वेल्डिंगने जोडलेला सपाट पत्रा आहे, त्यामुळे पुट्टी तिथे जाता कामा नये.

वेल्डिंगवरून आमच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट सांगायला हवी. ते माझगाव डॉकमधून वेल्डर म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळी चहाच्या वेळी ते डोकावले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मॉडेलचे धड डोळ्यांजवळ नेले.

“हे वेल्डिंग कोणी केलंय? आमच्याकडे असं केलं असतं तर ग्राइंडर मारून पुन्हा करायला लावलं असतं.”

“काका, ते किटमध्येच तसं येतं.”

“मग काढ ते. एवढ्या जाड प्लेटला अशी एक सुतळी पुरते होय? जाड प्लेट एका पासात जुळत नाही. आधी मुळाचा पास, मग त्याच्यावर भरत भरत यायचं, आणि वरती शेजारी शेजारी दोन-तीन पट्टे दिसले पाहिजेत. वेल्ड किती रुंद आहे ते बघूनच प्लेट किती जाड ते कळतं.”

एवढ्या वर्षांच्या वाचनात मला हे कुठे सापडले नव्हते. रणगाड्याच्या कवचाची जाडी बाहेरून कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त सांधा, आणि तो सांधाच जाडीची साक्ष देतो. किटमधली ती बारीक रेघ मी पात्याने खरवडून काढली. स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या दांडीचा, तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ताणला की त्याची केसासारखी तार निघते. अशा दोन तारा शेजारी शेजारी खाचेत बसवल्या, त्यांवर पातळ गोंद फिरवून त्या मऊ केल्या आणि पात्याच्या पाठीने एकेक वळी उमटवत गेलो. एकावर एक सरकवून आडव्या केलेल्या नाण्यांच्या चवडीसारखे ते दिसायला हवे, ही खूण काकांनीच सांगितली. शिवाय ज्या ठिकाणी वेल्डर एक कांडी संपवून दुसरी लावतो तिथे एक लहानसा गठ्ठा राहतो, तोही मधूनमधून करायला लावला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी भिंग लावून तपासणी केली आणि एका कोपऱ्यात “इथे हात थरथरलाय वेल्डरचा” असा शेरा मारला.

जाड वस्तू जाड दिसण्यासाठी शेजारची पातळ वस्तू खरोखर पातळ दिसावी लागते, ही या सगळ्याची दुसरी बाजू आहे आणि किट बनवणारे इथे नेहमी कमी पडतात. त्यांचा दोष नाही. साच्यातून प्लास्टिक वाहायचे तर त्याला किमान जाडी लागतेच. पण एक मिलिमीटर जाडीचे मडगार्ड म्हणजे मोजमापाने पस्तीस मिलिमीटरचा पत्रा, आणि एवढ्या जाड मडगार्डशेजारी समोरचे कवच भारी दिसणार तरी कसे? मी मडगार्डच्या आणि टरेटवरच्या सामानपेट्यांच्या कडा आतल्या बाजूने तासून धारदार केल्या, म्हणजे समोरून पाहताना त्या पत्र्याच्या वाटतात. बाजूचे एक झापड अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून कापून घेतले आणि त्याला झाडाला घासून गेल्यावर पडतो तसा पोचा दिला. पत्र्याला पोचा पडतो, कवचाला पडत नाही. तोफेच्या मुळाशी असलेले कॅनव्हासचे आवरण टिश्यूपेपर आणि पाणी घातलेला पांढरा गोंद यांतून केले. ओढण्याचा वायररोप तांब्याच्या तारा पिळून केला, कारण दोऱ्याचा केला तर तो दोऱ्यासारखाच लोळतो आणि पोलादी दोराचा ताठपणा त्यात कधीच येत नाही.

रंगकामाला मुंबईत मुहूर्त पाहावा लागतो, आणि हा मुहूर्त पंचांगात नसून हवामानाच्या बातम्यांत असतो. जून ते सप्टेंबर या काळात लॅकर जातीचा रंग किंवा वार्निश फवारले, तर त्यातील द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतले बाष्प तिथे जमते आणि रंगावर दुधाळ छटा येते. द्रावकाचे उडणे मंद करणारा रिटार्डर घालून हे काही अंशी टळते. कॉम्प्रेसरच्या टाकीत आणि नळीत साचणारे पाणी हा वेगळाच त्रास आहे. पाणी अडवणारा फिल्टर बसवला नाही तर ऐन फवारणीत एअरब्रशमधून थेंब उडतो. पावसाळ्यात मी कापणे, जोडणे आणि तासणे करतो आणि रंग ऑक्टोबरनंतर हाती घेतो. आमच्या इमारतीत कॉम्प्रेसर कधी चालवावा याचेही एक वेळापत्रक आहे. ते सोसायटीने लिहून दिलेले नसले तरी सर्वांना पाठ आहे. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि तोंडावर मास्क एवढे मात्र ऋतू कोणताही असला तरी हवेच, कारण ॲक्रिलिक रंगाला वास कमी येतो म्हणून तो फुप्फुसात गेलेला चालतो असे नाही.

त्या काळातले सेंच्युरियन ब्रिटनमधून डीप ब्राँझ ग्रीन या गडद, जवळपास काळसर हिरव्या रंगात येत. हा रंग बाटलीतून जसाच्या तसा फवारला तर मॉडेल एक काळा ठोकळा दिसते. एवढ्याशा वस्तूवर प्रकाश खेळायला जागाच उरत नाही आणि रंग प्रत्यक्षाहून गडद वाटतो. म्हणून त्यात थोडा पिवळट गेरू आणि किंचित पांढरा मिसळून तो सौम्य करावा लागतो. पांढरा जास्त झाला तर खडूची झाक येते, म्हणून भर पिवळ्यावर ठेवावी. मी आधी करड्या प्रायमरवर सगळीकडे गडद थर दिला, मग वरून, जिथे आकाशाचा प्रकाश पडतो त्या पृष्ठभागांवर, हलका थर दिला आणि खालचा भाग, चाकांमागचा आणि मडगार्डखालचा, मुद्दाम गडद ठेवला. वजन डोळ्याला सर्वांत आधी इथे जाणवते. खालचा अंधार वस्तूला जमिनीशी बांधतो. तो नसेल तर काचेवर टेकवून बसवलेल्या चाकांचाही उपयोग होत नाही. त्यानंतर चकचकीत वार्निश, त्यावर चिन्हे आणि मग कोपऱ्यांत व वेल्डिंगच्या वळ्यांमध्ये बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ वॉश, म्हणजे खाचांत उतरणारे पाणीदार रंगाचे लेपन. कॅमलचे तैलरंग आणि रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन यांवर हे काम उत्तम होते. महागड्या आयात बाटल्यांत याहून वेगळे काय असते हे मला अजून दिसलेले नाही.

गंजाविषयी माझे मत थोडे कडक आहे. प्रदर्शनांत आणि छायाचित्रांत दिसणारी निम्मी मॉडेल्स अशी गंजलेली असतात की ते रणगाडे लढाईवर निघाले आहेत की भंगारात, हे समजू नये. १९६५ चे ते युद्ध सप्टेंबरच्या तीन आठवड्यांत संपले. रोज देखभाल होणाऱ्या, तेल-ग्रीस खाणाऱ्या, दलाच्या अभिमानाचा विषय असलेल्या वाहनाच्या कवचावर तेवढ्या काळात गंजाचे ओघळ उतरत नाहीत. रंग उडतो तो माणसांच्या बुटांनी, झाकणांच्या कडांवर, हत्यारांच्या पट्ट्यांजवळ. आणि तिथे आधी खालचा प्रायमर दिसतो, उघडे पोलाद क्वचितच. ट्रॅकची गोष्ट निराळी. त्यांना रंग टिकतच नाही, म्हणून कड्या तपकिरी आणि जमिनीला घासणाऱ्या कडा लखलखीत. यासाठी मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले की पुरते.

शेवटचा थर धुळीचा. कोकणातल्या घरामागची माती चाळून वापरावी, असा मोह आमच्या पिढीतल्या कोणालाही होईल. पण ती तांबडी आहे आणि सियालकोटच्या आसपासची जमीन नद्यांच्या गाळाची, फिकट राखाडी-तपकिरी. शिवाय खरी माती चाळूनही तिचा कण या मापाला खड्याएवढा ठरतो. मी चित्रकलेचे सुके पेस्टल खडू पॉलिशपेपरवर घासून पूड केली, दोन-तीन छटा मिसळल्या आणि टर्पेंटाइनच्या थेंबांनी ती बसवली. सप्टेंबरचा महिना, पाऊस ओसरत आलेला: म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला ओल्या चिखलाची गडद छटा, झापडांवर वाळलेल्या चिखलाची फिकट आणि टरेटवर नुसती धूळ. वरपासून खालपर्यंत सारखाच चिखल फासला तर रणगाडा मातीत बुडवून काढल्यासारखा दिसतो आणि एवढ्या कष्टाने आणलेले वजन निघून जाते.

टरेटच्या झाकणात काळ्या डांगरीतला एक कमांडर उभा करायचा आहे. त्याची पूर्ण उंची पाच सेंटिमीटरला थोडी कमी भरेल, आणि दिसणार फक्त छातीपासून वरचा भाग. माणूस दिसला की रणगाड्याचा अवाढव्यपणा मोजायला डोळ्याला एक माप मिळते, म्हणून मी सहसा आकृतीशिवाय मॉडेल पूर्ण मानत नाही. किटबरोबर आलेले चेहरे युरोपीय घडणीचे असतात आणि त्वचेच्या रंगाच्या तयार बाटल्याही त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. त्यामुळे नाक-गालांवर पुट्टीचे थोडे काम आणि रॉ सिएना, बर्न्ट सिएना यांचे मिश्रण अजून बाकी आहे. काकांचे म्हणणे असे की त्याच्या हातात दुर्बीण द्यावी. मला त्याचा एक हात झाकणाच्या कडेवर टेकलेला हवा आहे, म्हणजे त्या हाताशेजारी झाकणाची जाडी दिसेल.